बिशप व्ही. एस. अझरिया (१८७४–१९४५) : पहिल्या भारतीय अँग्लिकन बिशपांचे जीवन, कार्य आणि मर्यादा

सारांश

वेदनायगम सॅम्युएल अझरिया हे अँग्लिकन परंपरेतील पहिले भारतीय बिशप होत. सन १९१२ मध्ये त्यांची नियुक्ती झाली आणि १९४५ मध्ये मृत्यू येईपर्यंत स्वतंत्र धर्मप्रांताचे प्रमुखपद भूषविणारे ते एकमेव भारतीय राहिले. प्रस्तुत लेखात त्यांच्या जीवनकार्याचा आढावा घेतला आहे. वसाहतकालीन संस्थेत भारतीय माणसाला मिळालेले पद आणि प्रत्यक्ष अधिकार यांतील अंतर त्यांनी कसे ओळखले, ते कमी करण्यासाठी कोणते मार्ग अवलंबिले आणि त्यांत त्यांना किती यश आले, याचा शोध घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

बीजसंज्ञा : अँग्लिकन चर्च, बिशप, दोर्नकल, समूह-धर्मांतर, जातिव्यवस्था, चर्च-ऐक्य.

प्रस्तावना

दि. २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्याच्या सेंट पॉल कथीड्रलमध्ये अडतीस वर्षांच्या एका तमिळ धर्मगुरूला बिशपपदाची दीक्षा देण्यात आली. त्यापूर्वी जवळजवळ शंभर वर्षे भारतात अँग्लिकन बिशप होते, परंतु त्यांपैकी एकही भारतीय नव्हता. त्यामुळे हा प्रसंग भारतीय ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात महत्त्वाचा टप्पा मानला जातो, आणि तो तसा आहेही.

तथापि या घटनेबरोबर दुसरी एक वस्तुस्थिती ध्यानात घ्यावी लागते. पहिली नियुक्ती झाल्यानंतर दुसरी, तिसरी अशा नियुक्त्यांची परंपरा सुरू व्हावी, अशी स्वाभाविक अपेक्षा असते. प्रत्यक्षात पुढील बत्तीस वर्षांत काही भारतीय धर्मगुरू सहायक बिशप झाले, पण धर्मप्रांताची सूत्रे दुसऱ्या कोणाही भारतीयाकडे आली नाहीत. महाराष्ट्रातील नाशिक धर्मप्रांत १९२९ मध्ये, म्हणजे अझरिया यांच्या नियुक्तीनंतर सतरा वर्षांनी स्थापन झाला. त्याचे पहिले बिशप फिलिप लॉइड हे इंग्रजच होते. एका व्यक्तीची निवड झाली म्हणून संस्थेचे स्वरूप बदलत नाही, असा याचा अर्थ होतो. अझरिया यांना या गोष्टीची जाणीव नियुक्तीपूर्वीच झाली होती, आणि त्यांच्या कार्याची दिशा याच जाणिवेतून ठरली, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

पार्श्वभूमी : बिशपपद आणि राजसत्ता

अँग्लिकन चर्चच्या रचनेत बिशपाचे स्थान मध्यवर्ती आहे. धर्मगुरूंना दीक्षा देणे, बाप्तिस्मा घेतलेल्यांना दृढीकरणाचा विधी देणे आणि धर्मप्रांताचा कारभार पाहणे ही कामे बिशपाची असतात. बिशपाशिवाय नवे धर्मगुरू निर्माण होऊ शकत नाहीत. म्हणून बिशपपद कोणाकडे आहे, यावर चर्चचे भवितव्य अवलंबून असते.

भारतात हे पद ब्रिटिश राज्यकारभाराचा भाग म्हणून आले. सन १८१३ च्या सनदी कायद्याने त्याची तरतूद केली आणि १८१४ मध्ये टॉमस मिडलटन हे कलकत्त्याचे पहिले बिशप झाले. पुढे १८३५ मध्ये मद्रास आणि १८३७ मध्ये मुंबई येथे धर्मप्रांत स्थापन झाले. या बिशपांना राजाज्ञापत्राने अधिकार मिळे, त्यांचे वेतन सरकारी तिजोरीतून येई आणि राज्यकर्त्या वर्गात त्यांना प्रतिष्ठेचे स्थान असे. भारतीय माणूस बिशप झाला, तर युरोपीय मिशनऱ्यांना व इंग्रज धर्मगुरूंना त्याच्या हाताखाली काम करावे लागेल, ही कल्पनाच अनेकांना असह्य होती. धर्मगुरूपदाची दीक्षा भारतीयांना एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून मिळत होती. अडचण होती ती शिखरावरील पदाची.

या संदर्भात आफ्रिकेतील एक उदाहरण सर्वांच्या स्मरणात होते. पश्चिम आफ्रिकेतील सॅम्युएल अजयी क्राउदर यांना १८६४ मध्ये बिशप करण्यात आले. चर्च मिशनरी सोसायटीचे चिटणीस हेन्री व्हेन यांच्या स्वयंशासित, स्वावलंबी आणि स्वयंप्रसारक स्थानिक चर्चच्या विचाराला मिळालेले ते मूर्त रूप होते. परंतु क्राउदर यांच्या उतारवयात तरुण युरोपीय मिशनऱ्यांनी त्यांच्या नायजर मिशनच्या कारभारावर कठोर आक्षेप घेऊन त्यांचे अधिकार संकुचित केले. सन १८९१ मध्ये क्राउदर निवर्तल्यावर त्यांच्या जागी युरोपीय बिशप नेमला गेला. एका व्यक्तीच्या गुणांवर उभारलेला प्रयोग तिच्याबरोबरच कसा संपतो, याचा हा धडा होता.

जडणघडण

अझरिया यांचा जन्म १७ ऑगस्ट १८७४ रोजी तत्कालीन तिन्नेवेल्ली जिल्ह्यातील वेळ्ळाळनविळै या गावी झाला. वडील टॉमस वेदनायगम हे हिंदू कुटुंबातून ख्रिस्ती झालेले ग्रामीण धर्मगुरू होते. अझरिया यांच्या बालपणीच त्यांचे निधन झाले आणि मुलाच्या संगोपनाचा भार आई एलन यांच्यावर पडला. हे कुटुंब नाडार समाजातील होते. ताडाच्या झाडांवर उपजीविका करणाऱ्या या समाजाला परंपरेने हीन लेखले जाई. मिशनच्या शिक्षणाचा लाभ घेऊन त्याने एकोणिसाव्या शतकात आपली स्थिती पालटली होती. शिक्षणाने आणि संघटनेने समाज उभा राहू शकतो, हा धडा अझरिया यांना पुस्तकातून शिकावा लागला नाही.

मद्रास ख्रिश्चन कॉलेजात त्यांनी गणिताचा अभ्यास केला, परंतु परीक्षेच्या सुमारास आजारी पडल्यामुळे त्यांना पदवी घेता आली नाही. ज्यांना पुढे १९२० मध्ये केंब्रिज विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली, त्यांच्याकडे साधी बी. ए. ची पदवीही नव्हती. सन १८९५ पासून १९०९ पर्यंत त्यांनी वाय. एम. सी. ए. या युवकसंघटनेचे चिटणीस म्हणून दक्षिण भारतभर भ्रमंती केली. शेरवूड एडी या अमेरिकन सहकाऱ्याशी त्यांचा घनिष्ठ स्नेह याच काळात जुळला. सन १८९८ मध्ये त्यांचा विवाह अंबू मरिअम्माळ यांच्याशी झाला. हुंडा न घेता अत्यंत अल्प खर्चात झालेला तो विवाह होता. अंबू या स्वतः महाविद्यालयीन शिक्षण घेतलेल्या होत्या आणि पुढे दोर्नकलमधील स्त्रियांच्या कार्याची धुरा त्यांनी सांभाळली.

सन १९०२ मध्ये श्रीलंकेतील जाफना येथे गेले असता, तेथील तमिळ ख्रिस्ती लोक स्वतःच्या पैशावर इतरत्र प्रचारक पाठवितात, हे त्यांनी पाहिले. तिन्नेवेल्लीच्या मंडळ्या त्याहून जुन्या आणि मोठ्या असूनही परदेशी मिशनवर अवलंबून आहेत, या विचाराने ते अस्वस्थ झाले. त्यातून १९०३ मध्ये तिन्नेवेल्लीची इंडियन मिशनरी सोसायटी स्थापन झाली. सन १९०५ च्या नाताळाच्या दिवशी सेरामपूर येथे नॅशनल मिशनरी सोसायटीची स्थापना झाली. तिच्या संस्थापकांतही ते अग्रभागी होते. भारतीय माणसे, भारतीय पैसा आणि भारतीय नेतृत्व हे या संस्थेचे सूत्र होते. वंगभंगाच्या विरोधात स्वदेशीची चळवळ ऐन भरात होती, त्याच वर्षातील ही घटना आहे, हे लक्षणीय होय.

तिन्नेवेल्लीच्या सोसायटीने कार्यासाठी निजामाच्या राज्यातील दोर्नकल हा तेलुगू भाषक प्रदेश निवडला. सन १९०९ मध्ये अझरिया यांनी वाय. एम. सी. ए. मधील प्रतिष्ठेचे पद सोडले, धर्मगुरूपदाची दीक्षा घेतली आणि साधे मिशनरी म्हणून ते दोर्नकलला गेले. भाषा परकी, प्रदेश परका, अशा स्थितीत वयाच्या पस्तिशीत त्यांनी तेलुगू आत्मसात केली.

एडिंबरो १९१० : मैत्रीची मागणी

जून १९१० मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे जागतिक मिशनरी परिषद भरली. सुमारे बाराशे प्रतिनिधींत आशियाई प्रतिनिधींची संख्या अगदी अल्प होती. तेथे परदेशी आणि देशी कार्यकर्त्यांचे सहकार्य या विषयावर अझरिया यांना बोलण्यास सांगण्यात आले. त्यांनी केलेले भाषण परिषदेतील सर्वांत गाजलेल्या भाषणांपैकी एक ठरले.

त्या भाषणाचा आशय असा होता : परदेशी मिशनऱ्यांनी त्याग केला, दानधर्म केला, प्रसंगी प्राणही वेचले, भारतीय चर्च त्याबद्दल कृतज्ञ आहे. परंतु मिशनरी आणि भारतीय कार्यकर्ता यांच्यात एक दरी आहे. एकमेकांच्या घरी जाणे-येणे, एका पंक्तीला बसणे, मनातले बोलणे या साध्या गोष्टीही क्वचितच घडतात. भारतीयांना आता उपकारांहून अधिक गरज आहे ती मित्रांची. काही अपवाद त्यांनी मोकळेपणाने मान्य केले, तरी सभागृहात अनेकांना हे बोल झोंबले.

या मागणीकडे बहुधा भावनिक आवाहन म्हणून पाहिले जाते. वस्तुतः तीत सत्तासंबंधांचे अचूक विश्लेषण आहे. दान घेणारा दात्याचा मिंधा होतो. मैत्री मात्र समानांतच होऊ शकते. पैसा एका बाजूने येत असेल, तो कसा खर्च व्हावा याचे निर्णयही त्याच बाजूला होत असतील आणि दुसऱ्या बाजूला केवळ वेतन व आज्ञापालन असेल, तर व्यक्तिगत सौजन्य कितीही असले तरी मैत्री निर्माण होत नाही. म्हणून मित्र मागणे म्हणजे प्रत्यक्षात समान अधिकार मागणे होते. हा निकष अझरिया यांनी इतरांना लावला. पुढे बिशप म्हणून तोच त्यांना स्वतःलाही लागू होणार होता.

नियुक्ती आणि विरोध

अझरिया यांच्या नियुक्तीचे मुख्य सूत्रधार होते मद्रासचे बिशप हेन्री व्हाइटहेड. विख्यात तत्त्वज्ञ व गणिती आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड यांचे हे थोरले बंधू. दक्षिण भारतातील ग्रामदेवतांवरील त्यांचा ग्रंथ अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. अवाढव्य मद्रास धर्मप्रांताचा काही भाग भारतीय बिशपाकडे सोपविण्याची त्यांची योजना होती.

या योजनेला दोन बाजूंनी विरोध झाला. काही युरोपीय मिशनऱ्यांनी भारतीयाच्या अधिकाराखाली काम करण्यास नाखुशी दर्शविली. अशी नियुक्ती अकाली आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. दुसरा विरोध खुद्द भारतीय ख्रिस्ती समाजातून आला. तिन्नेवेल्लीच्या चर्चमध्ये वेळ्ळाळ आणि नाडार यांच्यात जुनी तेढ होती आणि नाडार समाजातील व्यक्ती बिशप होणे काहींना मान्य नव्हते. वंशभेद आणि जातिभेद हे दोन्ही अडथळे एकाच वेळी त्यांच्यासमोर उभे राहिले.

कायदेशीर गुंताही होता, कारण प्रमुख धर्मप्रांत राजाज्ञापत्राने निर्माण झालेले होते. नव्या दोर्नकल धर्मप्रांताचा गाभा ब्रिटिश मुलखाबाहेर, निजामाच्या राज्यात असल्याने तो गुंता सोडविणे सुकर झाले. मराठवाड्याच्या वाचकांना हे हैदराबाद संस्थान सुपरिचित आहे. त्याच संस्थानाच्या पूर्वेकडील तेलुगू भागात, सिंगरेणीच्या कोळसाखाणींकडे फाटा जाणाऱ्या रेल्वे जंक्शनवर दोर्नकल वसलेले आहे. आज ते तेलंगणातील महबूबाबाद जिल्ह्यात आहे. प्रारंभी लहान असलेल्या या धर्मप्रांतात पुढे कृष्णा, गोदावरी आणि कर्नूल परिसरातील मिशनक्षेत्रे समाविष्ट झाली आणि युरोपीय मिशनरी खरोखरच अझरिया यांच्या अधिकाराखाली आले.

दोर्नकल : ग्रामीण चर्चची उभारणी

दोर्नकलमध्ये अझरिया यांनी जे कार्य केले, त्याचा पाया ग्रामशिक्षक हा होता. धर्मप्रांतातील बहुसंख्य ख्रिस्ती माला आणि मादिगा या अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतून आलेले होते. भूमिहीन, कर्जबाजारी आणि निरक्षर असा हा समाज होता. बहुतेक गावांत दीक्षित धर्मगुरू ठेवणे अशक्य होते. म्हणून त्याच समाजातील तरुणांना निवडून, त्यांना प्रशिक्षण देऊन गावोगावी शिक्षक म्हणून पाठविण्यात आले. दिवसा मुलांना आणि रात्री प्रौढांना शिकविणारा, उपासना चालविणारा, आजारी माणसाची विचारपूस करणारा हा शिक्षकच गावाच्या दृष्टीने चर्च होता. त्यांतील निवडक व्यक्तींना पुढे धर्मगुरूपदाची दीक्षा दिली जाई. प्रशिक्षणात त्यांच्या पत्नींच्या शिक्षणावरही भर होता. सन १९३० च्या दशकाच्या मध्यास ग्रामशिक्षक आणि अन्य कार्यकर्त्यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली होती. ख्रिस्ती लोकसंख्या १९४० च्या दशकाच्या आरंभी दोन लाखांच्या वर पोहोचली. या वाढीत धर्मप्रांताच्या विस्ताराचाही वाटा होता, हे लक्षात ठेवले पाहिजे.

दुसरे सूत्र स्वावलंबनाचे होते. गरिबातल्या गरीब ख्रिस्ती माणसानेही चर्चसाठी काही द्यावे, असा त्यांचा आग्रह असे. प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढून ठेवण्याची प्रथा रूढ करण्यात आली. महाराष्ट्रातील शैक्षणिक संस्थांच्या इतिहासातील मुष्टिफंडाशी तिचे साधर्म्य सहज जाणवते. यामागील विचार केवळ आर्थिक नव्हता. जो देतो, तो मिंधा राहत नाही. त्याला संस्थेविषयी बोलण्याचा हक्क प्राप्त होतो. एडिंबरोच्या भाषणातील विश्लेषणाचे हे गावपातळीवरील उपयोजन होते. अर्थात परदेशी साहाय्याची गरज यामुळे संपली नाही. परंतु दिशा स्पष्ट झाली.

तिसरे सूत्र देशी रूपाचे होते. बिशप अझरिया बैलगाडीने आणि सायकलने गावोगाव फिरत. तेलुगू गीते, भजने, सुगीचे उत्सव आणि जत्रा यांना त्यांनी उपासनेत स्थान दिले. याच सुमारास अहमदनगर परिसरात रेव्हरंड नारायण वामन टिळक भजन-कीर्तनाच्या द्वारे मराठी ख्रिस्ती उपासनेला देशी वळण देत होते, याचे येथे स्मरण होते. दोर्नकलच्या एपिफनी कथीड्रलमध्ये घुमट, मनोरे आणि मंदिरमंडपाची आठवण देणारे स्तंभ यांचा मेळ घातलेला आहे. दीर्घकाळ चाललेले हे बांधकाम पूर्ण होऊन ६ जानेवारी १९३९ रोजी त्याचे समर्पण झाले.

मात्र देशीकरणाच्या नावाखाली सर्वच परंपरा स्वीकारण्यास त्यांचा विरोध होता. मद्यपान, बालविवाह आणि जातीवरून विटाळ मानणे यांविरुद्ध ते कठोर होते. चर्चची प्रार्थनापद्धती, दीक्षाविधी आणि बिशपपद या गोष्टी त्यांनी इंग्रजांची मालमत्ता मानल्या नाहीत; साऱ्या ख्रिस्ती जगाचा तो सामायिक वारसा आहे आणि त्यावर दोर्नकलच्या मजुराचाही तितकाच हक्क आहे, अशी त्यांची धारणा होती.

धर्मांतर, जात आणि राजकारण

सन १९३० च्या दशकात अझरिया यांचे कार्य राष्ट्रीय वादाच्या केंद्रस्थानी आले. सन १९३२ च्या जातीय निवाड्याने विविध समाजांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. त्यांत भारतीय ख्रिस्ती समाजाचाही समावेश होता. अझरिया यांनी आपल्याच समाजाला मिळालेल्या या सवलतीला विरोध केला. ख्रिस्ती लोक राखीव जागांपुरते वेगळे काढले गेले, तर चर्च हा एक राजकीय गट बनेल, धर्मांतराकडे संख्याबळ वाढविण्याचा डाव म्हणून पाहिले जाईल आणि उर्वरित समाजाशी असलेले नाते तुटेल, अशी त्यांची भूमिका होती.

त्याच वर्षी २४ सप्टेंबर रोजी पुणे करार झाला. तीन वर्षांनी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवला येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली. या घोषणेने धर्मांतराचा प्रश्न देशभर ऐरणीवर आला. आंध्रातील समूह-धर्मांतरे, आणि त्यांत दोर्नकल, यांकडे सर्वांचे लक्ष वेधले गेले. सन १९३६–३७ मध्ये महात्मा गांधींनी 'हरिजन' मधून या धर्मांतरांविषयी तीव्र आक्षेप नोंदविले. मिशनच्या दाव्यांत अतिशयोक्ती आहे आणि दलितांची धर्मांतरे खऱ्या आध्यात्मिक शोधातून होत नाहीत, असे त्यांचे मत होते. अझरिया यांचे उत्तर असे होते की, धर्मांतराचा निर्णय हे लोक स्वतः घेतात. शेजारच्या गावातील आपल्याच जातभाईंचे पालटलेले जीवन पाहून ते येतात.

या वादात दोन्ही बाजूंचे प्रामाणिकपण मान्य करूनही मूळ मुद्दा डोळ्यांआड करता येत नाही. दलित माणूस स्वतःच्या धर्माविषयी स्वतः विचार करू शकतो की नाही, हा तो मुद्दा होता. या एका बाबतीत अझरिया यांची भूमिका आंबेडकरांच्या भूमिकेच्या अधिक जवळ जाते, असे म्हणता येईल.

परंतु आंबेडकरांची चिकित्सा अझरिया यांच्या चर्चलाही लागू होती. धर्मांतरित ख्रिस्ती लोकांच्या स्थितीविषयीच्या आपल्या लेखनात त्यांनी धर्मांतरानंतरही टिकून राहणारी जात आणि अस्पृश्यांतून आलेल्या ख्रिस्ती समाजाची उपेक्षा यांवर नेमके बोट ठेवले आहे. दोर्नकलमध्ये माला आणि मादिगा यांच्यातील अंतर चर्चमध्येही पूर्णपणे मिटले नाही. स्वतः जातीय विरोध सोसलेल्या बिशपांना हे शल्य जाणवत होते. तथापि शिक्षण, सहभोजन आणि उपदेश या साधनांची मर्यादा येथे उघड झाली. सन १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, पण दलित ख्रिस्ती त्यातून वगळलेलेच राहिले. त्यामुळे धर्मांतराने जात जाते काय, हा प्रश्न आज केवळ धर्मचिंतनाचा राहिलेला नाही. तो कायद्याचा आणि उपजीविकेचाही प्रश्न झाला आहे.

चर्च-ऐक्याचे कार्य

अझरिया यांच्या जीवनकार्याचा अखेरचा मोठा भाग प्रॉटेस्टंट चर्चच्या ऐक्यासाठी खर्ची पडला. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, मेथडिस्ट हे भेद युरोप-अमेरिकेच्या इतिहासातून जन्मले होते. भारतीय खेडुताला त्यांचा कोणताही अर्थ लागत नव्हता. त्याच्या दृष्टीने ती आणखी एक जातव्यवस्था होती. सन १९१९ मध्ये तरंगंबाडी, म्हणजे ट्रँकेबार येथे, प्रामुख्याने भारतीय धर्मगुरूंची परिषद भरली. तीत ऐक्याचे जाहीर आवाहन करण्यात आले. अझरिया हे तिच्या प्रमुख प्रवर्तकांपैकी होते. सन १९२७ च्या लोझान परिषदेत, पाश्चात्य देशांत ही फूट केवळ दौर्बल्य ठरत असेल, पण इतर देशांत ती पाप आहे, अशा आशयाचे विचार त्यांनी मांडले. सन १९२९ पासून ते नॅशनल ख्रिश्चन कौन्सिलचे अध्यक्षही होते. या संस्थेचे मुख्यालय पुढे नागपूर येथे स्थिरावले.

वाटाघाटींतील कळीचा प्रश्न बिशपपदाचाच होता. बिशपांची परंपरा नसलेल्या चर्चमधील धर्मगुरूंना पुन्हा दीक्षा घेण्यास सांगावे काय? तसे सांगणे म्हणजे त्यांची आजवरची सेवा अपूर्ण ठरविणे होते. अखेर मान्य झालेला तोडगा असा : सर्व विद्यमान धर्मगुरूंना आहे तसे स्वीकारावे, नव्या दीक्षा मात्र बिशपांच्या हस्ते व्हाव्यात. एका पिढीच्या कालावधीत भेद आपोआप विरून जावा, ही त्यामागील दृष्टी होती. समानांना समान मानून मग एकत्र येण्याचे हे तत्त्व एडिंबरोच्या मागणीशी सुसंगत होते.

दि. १ जानेवारी १९४५ रोजी दोर्नकल येथे अझरिया यांचे निधन झाले. त्याच महिन्यात अँग्लिकन चर्चच्या सर्वसाधारण परिषदेने दक्षिणेतील धर्मप्रांतांना ऐक्यात सामील होण्याची अनुमती दिली. दि. २७ सप्टेंबर १९४७ रोजी, देश स्वतंत्र झाल्यानंतर दीड महिन्याच्या आत, मद्रास येथे चर्च ऑफ साउथ इंडियाची स्थापना झाली. बिशपपरंपरा असलेली आणि नसलेली चर्च अशा रीतीने एकत्र येण्याची घटना जगात अपूर्व होती.

निष्कर्ष

अझरिया यांच्या पश्चात दोर्नकलची सूत्रे त्यांचे सहायक बिशप ए. बी. एलियट या मिशनऱ्यांकडे गेली. क्राउदर यांच्या बाबतीत जे घडले होते, त्याचीच ही पुनरावृत्ती वाटते. परंतु दोहोंत महत्त्वाचा फरक आहे. नायजरमध्ये व्यक्तीबरोबर तिचे काम विस्कटले. दोर्नकलमध्ये मात्र मागे राहिले ते गावोगावचे शिक्षक, स्थानिक धर्मगुरू, देण्याची सवय लागलेल्या मंडळ्या आणि पावणेतीन वर्षांतच अस्तित्वात आलेले, भारतातच घडलेले ऐक्य. वरचे पद पुन्हा युरोपीयाकडे गेले, तरी खालचा पाया परका राहिला नव्हता.

या विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, वंचित समाजातील एका व्यक्तीला उच्चपद देऊन संस्था स्वतःला उदार म्हणवू शकते आणि तरीही आपली रचना तशीच ठेवू शकते. १९१२ ते १९४५ हा काळ याची साक्ष देतो. दुसरा, अशा पदावरील व्यक्ती ते पद शोभेचे राहू न देता त्याच्या आधारे इतरांसाठी अधिकाराची नवी केंद्रे निर्माण करू शकते. अझरिया यांच्या ग्रामशिक्षकांनी हे सिद्ध केले. तिसरा, वरच्या सत्तेशी समानता मिळविणे आणि खालच्या थरांतील विषमता मोडणे या दोन वेगळ्या लढाया आहेत. पहिल्या लढाईत अझरिया यांनी मोठी मजल मारली. दुसरीत, जातीच्या प्रश्नावर, त्यांना अपुरे यश आले.

विद्यापीठे, महाविद्यालये आणि अन्य सार्वजनिक संस्थांत प्रतिनिधित्वाचा विचार करताना हा अनुभव उपयुक्त ठरावा. पद कोणाला मिळाले, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. परंतु त्या पदाभोवतीचे संबंध उपकाराचे आहेत की मैत्रीचे, हा १९१० मध्ये एडिंबरोला विचारला गेलेला प्रश्न त्याहून अवघड आहे. त्याचे उत्तर प्रत्येक संस्थेने स्वतःपुरते शोधावयाचे आहे.